बॅकअप म्हणून डेरिंजर: दोन नळ्या, दोन गोळ्या. कोणी बाळगतं का?

हिलकंट्रीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पिस्तुलांवर इथे आधी धागे येऊन गेलेत, त्यामुळे "मुळात बंदूक हवीच कशाला" हा वाद तिकडेच चालू द्या ही नम्र विनंती. मला विचारायचंय ते फार नेमकं आहे.

सॅन अँटोनियोच्या बाहेर माझी छोटी फार्मसी आहे. रात्री कुलूप मीच लावतो आणि पार्किंगमधला शेवटचा माणूसही मीच असतो. नियंत्रित औषधांसाठी फार्मसीवर डोळा ठेवणारे लोक असतात हे इथल्यांना सांगायला नको. परवाना आहे, कमरेला उजवीकडे सिग पी३६५ पिस्तूल असतं. ते बदलायचं नाहीये. प्रश्न आहे गाडीत बसल्यावरचा. सीटबेल्ट लावला की उजव्या कमरेपर्यंत हात नेणं म्हणजे योगासन. म्हणून डाव्या खिशात दुसरं काहीतरी असावं असं बरेच दिवस मनात होतं.

गेल्या महिन्यात बाँड आर्म्सचं डेरिंजर घेतलं, स्नेक स्लेअर. कंपनी आपल्या टेक्सासचीच, ग्रॅनबरीची. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: एकावर एक दोन नळ्या, वरच्या बाजूला बिजागरी. बाजूचा खटका दाबला की नळ्या वर उघडतात, दोन काडतुसं घालायची, बंद करायचं. मॅगझिन नाही, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) नाही, अडकायला काही नाही. साडेतीन इंची नळी, सगळं स्टेनलेस स्टील. त्यात .४५ कोल्टची गोळीही चालते आणि .४१० शॉटगनचं काडतूसही. शिवाय एक स्क्रू काढला की नळ्यांची जोडी बदलून ९ एमएम किंवा .३८ स्पेशल लावता येते. कायद्याने बंदूक म्हणजे खालची फ्रेम, त्यामुळे जादा नळ्या थेट घरी मागवता येतात.

हातात घेतलं की जाणवतं की वस्तू घडवलेली आहे. नळी बंद होताना जो ठक्क आवाज येतो तो ऐकायला मी उगाचच चारदा उघडबंद करतो. बायको म्हणते, नवीन डबा आणलाय का झाकणाचा!

तर प्रश्न असे की कोणी हे रोज बाळगतं का, खिशात कशा होल्स्टरमध्ये, आणि वरच्या-खालच्या नळीत काय भरता? रेंजवरचा एक जण म्हणाला एकीत .४१० चे छर्रे आणि दुसरीत .४५ ची गोळी. ऐकायला झकास वाटतं.

भर_दुपारी_झोपणारा

औषधाच्या दुकानात १ ते ४ बंद ठेवलंत तर निम्मे दरोडेखोर कंटाळून परत जातील. आमच्या सदाशिव पेठेत या उपायाने एकही दरोडा पडलेला नाही.

(हलके घ्या. वाचतोय.)

ओपीटी_ते_ग्रीनकार्ड

धागा उत्तम, पण इथे येऊन वाचणारे निम्मे लोक एच-१बी वर आहेत म्हणून आधीच ठणकावून सांगतो. नॉन-इमिग्रंट व्हिसावर, म्हणजे एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ वर असाल तर बंदूकच काय, एक काडतूस जवळ बाळगणंही फेडरल गुन्हा आहे. टेक्सासने २०२१ च्या सप्टेंबरपासून विनापरवाना बाळगायला मुभा दिली, ती तुम्हाला लागू नाही. राज्याचा कायदा सैल झाला तरी वरचा तसाच आहे. "ग्रीन कार्डचा अर्ज टाकलाय" याला अर्थ नाही, कार्ड मिळायला हवं.

एक पळवाट कायद्यातच आहे: कुठल्याही राज्याचा चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. म्हणूनच काही देसी लोक मासे पकडायच्या दुकानात रांग लावून शिकारीचा परवाना काढताना दिसतात. पण यात पडायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे द्या, मित्राला विचारू नका.

आणि हिलकंट्रीकर, तुम्हालाही सांगतो. शेतावर पार्टीला आलेल्या एच-१बी वाल्या मित्राला "धर रे, एक मारून बघ" म्हणून तुम्ही ते हातात दिलंत, आणि त्याचा व्हिसा तुम्हाला माहीत असेल, तर देणाराही अडकतो.

हिलकंट्रीकर

+१. हे मूळ धाग्यातच टाकायला हवं. मी नागरिक आहे, खरेदीच्या वेळी ४४७३ फॉर्म आणि पार्श्वभूमी तपासणी सगळं रीतसर झालंय.

इतिहासाचा_किडा

डेरिंजर म्हटलं की मला राहवत नाही, क्षमस्व.

मूळ माणूस हेन्री डेरिंजर, फिलाडेल्फियाचा बंदूककार, १७८६ ते १८६८. त्याचं पिस्तूल एका नळीचं, एका गोळीचं, पुढून दारू ठासायची आणि मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. खिशात मावेल एवढं. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर त्याला तुफान मागणी आली, इतकी की नकला करणाऱ्यांनी सरळ त्याच्या नावाचा शिक्का मारून विकायला सुरुवात केली. म्हाताऱ्याने कोर्टात खेचलं त्यांना.

१४ एप्रिल १८६५ ला फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथने लिंकनवर झाडलं ते हेच पिस्तूल. आजही ते वॉशिंग्टनला त्याच थिएटरच्या संग्रहालयात काचेत आहे, जेमतेम सहा इंचांचं. पण या धाग्याच्या दृष्टीने पुढचं जास्त महत्त्वाचं. गोळी एकच. ती सुटल्यावर शेजारी बसलेला मेजर रॅथबोन बूथच्या अंगावर धावला, आणि बूथने पिस्तूल टाकून सुरा काढला. म्हणजे बघा, जगातल्या सर्वांत कुप्रसिद्ध डेरिंजरवाल्यालाही बॅकअप लागला.

तुमचं दोन नळ्यांचं मॉडेल मात्र रेमिंग्टनचं वंशज. १८६६ ते १९३५, जवळजवळ सत्तर वर्षं ते बनत होतं, दीड लाखाच्या आसपास निघाली. .४१ ची गोळी, वेग सेकंदाला साधारण १३० मीटर. आजच्या ९ एमएमच्या निम्म्याहूनही कमी. जुगाराच्या टेबलाखालून, समोरच्याच्या पोटात, एवढाच हिशेब. पण तेव्हा जखम चिघळून माणूस जायचा, त्यामुळे धाक होता.

फोर्टवर्थची_मावशी

हिलकंट्रीकर, मी इथे बायकांसाठी पिस्तुलाचे वर्ग घेते, त्यामुळे जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका.

तुमचं पिस्तूल चांगलंच आहे. ग्रॅनबरीची मंडळी मजबूत माल करतात. घोडा टाकल्यावर तो स्वतः मागे सरून थांबतो, फायरिंग पिनवर टेकून राहत नाही, आडवी सेफ्टी आहे, चापाला कडं आहे. जुन्या रेमिंग्टनमध्ये यातलं काही नव्हतं. घोडा पिनवर, पिन काडतुसावर. हातातून फरशीवर पडलं की उडालंच. जत्रेतल्या गन शोमध्ये शंभर-दीडशे डॉलरला जस्ताच्या मिश्रधातूची जी डेरिंजरं मिळतात त्यांच्यापासूनही चार हात लांब राहावं, भरून खिशात ठेवायची तर बातच नको.

पण तुम्ही विचारलंत बॅकअपबद्दल. बॅकअप कधी निघतो? पहिलं पिस्तूल अडलंय, किंवा हिसकावलं गेलंय, किंवा उजवा हात कुणीतरी धरलाय, किंवा तुम्ही म्हणता तसं सीटबेल्टमध्ये अडकलाय. म्हणजे ज्या क्षणी सगळंच बिघडलेलं आहे तेव्हा. आणि तेव्हा तुमच्या डाव्या हाताने काय काय करायचंय ते मोजा. खिशातून काढायचं. सेफ्टी सरकवायची. अंगठ्याने घोडा पूर्ण मागे ओढायचा, तोही चांगला कडक. मग चाप, जो नेहमीच्या पिस्तुलासारखा सरळ मागे येत नाही, खाली आणि मागे असा दाबावा लागतो. सवय नसेल तर गोळी हमखास खाली जाते. मग .४५ चा धक्का, मूठ इवलीशी, पकड सुटलेली. आणि दुसऱ्या गोळीसाठी घोडा पुन्हा पहिल्यापासून.

घरी करून बघा. पिस्तूल रिकामं, दोनदा तपासून रिकामं, नळ्यांत स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसं), खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत. अंगणात उभ्या गाडीत बसा, बेल्ट लावा, जाकीट घाला आणि फक्त डाव्या हाताने. मग येऊन इथे लिहा.

आता वजन. स्नेक स्लेअर २२ औंस, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅम, रिकामं. गोळ्या दोन. स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्व्हर चारशेच्या आसपास ग्रॅम, गोळ्या पाच, घोडा आत झाकलेला, नुसता चाप ओढत राहायचं. रुगर एलसीपी तर पावणेतीनशे ग्रॅम, .३८० च्या सहा अधिक एक. अर्ध्या वजनात तिप्पट गोळ्या मिळत असताना डेरिंजर हे खिशाचं हत्यार म्हणून का निवडायचं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. आवडतं म्हणून घेतलं हे मात्र पूर्ण मान्य. आवडीला कारण लागत नाही.

भर_दुपारी_झोपणारा

मावशींना साष्टांग दंडवत. आता सदाशिव पेठेतही कोणी दुपारी बेल वाजवणार नाही.

सुभेदार_साताऱ्याचे

जय हिंद. मावशी बोलल्या ते शंभर टक्के.

फौजेत आम्हाला हत्याराचा बट नंबर (दस्त्यावरचा क्रमांक) पाठ असायचा आणि रात्रीच्या अंधारात ते खोलून जोडता यायला लागायचं. हत्यार कुठलं हा मुद्दा नंतरचा. उस्तादांचं एकच म्हणणं असायचं, हाताला विचार करायला लागला तर उशीर झाला. तुम्ही कमरेला एक पद्धतीचं आणि खिशात दुसऱ्या पद्धतीचं ठेवता. एकाला नुसता चाप, दुसऱ्याला सेफ्टी, घोडा, चाप. अडचणीत हात पहिलंच करणार. सिगसारखा चाप ओढत बसाल आणि डेरिंजर ढिम्म.

इकडची गंमत सांगतो. गावाकडे एका हत्याराचा परवाना काढायचा तर कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या झिजतात, पोलिसांचा अहवाल येतो-जातो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं. त्यामुळे आमच्याकडे बॅकअप म्हणजे काठी आणि भाऊबंद.

घोणस_फुरसं

मी सावंतवाडीकडचा. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण नाव वाचून थांबलो. "स्नेक स्लेअर"? खरंच सापासाठी वापरतात का हो ते?

हिलकंट्रीकर

नाव त्यासाठीच आहे. .४१० च्या बारीक छर्‍यांचं काडतूस घालून शेतावर, कुंपणाच्या कामाला जाताना लोक बाळगतात. इथे रॅटलस्नेक आणि कॉपरहेड दोन्ही निघतात. माझ्या मागच्या अंगणात उन्हाळ्यात एक रॅटलर होताच.

घोणस_फुरसं

मग माझं ऐका. रॅटलस्नेक हा आपल्या आंबोलीच्या चापड्याचा भाऊबंद. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये उष्णता ओळखणारी खाच असते. तुम्ही काळोखात उभे असलात तरी त्याला तुम्ही दिसता. तो शेपटी वाजवतो म्हणजे तुम्हाला सांगतोय की बाबा रे, मी इथे आहे, तू जा. दोन-तीन पावलं मागे सरलात की विषय संपला. चावायला तो अंगाच्या लांबीच्या निम्म्याच्या आसपासच झेपावतो.

तुम्ही गोळी घालायला जवळ जाणार, म्हणजे त्याच्या टप्प्यात जाणार. शिवाय खाली दगड असेल तर छर्रे उडून तुमच्याच नडगीत. आणि मेला म्हणून उचलायला गेलात तर लक्षात ठेवा, तोडलेलं डोकंसुद्धा बराच वेळ चावू शकतं, विषासकट. जिवंत साप चावल्यापेक्षा ही फजिती जास्त वाईट.

अंगणातले लाकडाचे ढीग हलवा, उंदीर कमी करा. साप आपोआप पत्ता बदलतो. स्लेअर कशाला हवा?

इतिहासाचा_किडा

अवांतर: "तोडलेलं डोकं चावतं" हे वाचून जेवण गेलं.

एडिसनचा_भाऊ

टेक्सासवाल्यांचं बरं आहे. न्यू जर्सीत सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाआधी सामान्य माणसाला बाळगायचा परवाना मिळणं जवळपास अशक्य होतं. आता मिळतो, पण प्रशिक्षण, साक्षीदार, फिया, आणि बाळगता न येणाऱ्या जागांची मारुतीच्या शेपटीएवढी यादी. इथे होलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळीचेही वेगळे नियम आहेत.

महत्त्वाचं म्हणजे टेक्सासचा परवाना न्यू जर्सी मानत नाही. मावसभावाच्या लग्नाला इकडे येताना खिशात ते विसरून आलात तर वरात वेगळ्याच ठिकाणी जाईल. आणि कॅलिफोर्नियात तर तुमचं .४५/.४१० चं मॉडेलच चालत नाही, ते लोक त्याला आखूड नळीची शॉटगन समजतात. बाकी देशात नळीला आतून आटे पाडलेले असल्यामुळे ते पिस्तूलच धरतात. वस्तू एकच, एका राज्यात छंद आणि दुसऱ्यात गुन्हा.

हिलकंट्रीकर

मावशींनी सांगितलेला प्रयोग केला, आणि रेंजवरही जाऊन आलो. लिहितो.

आधी गाडीतला. बेल्ट लावून डाव्या खिशातून काढायला जमतं, त्यासाठीच ते घेतलं होतं आणि तो भाग पास. पण डाव्या अंगठ्याने घोडा ओढताना पकड सैल करावी लागते, आणि नळीचं तोंड वर छताकडे जातं. परत खाली आणेपर्यंत जो वेळ जातो तो मोबाईलवर चित्रित करून पाहिला, समाधान झालं नाही. सुभेदार काका म्हणाले तेही खरं निघालं. मुलाला "आता" म्हणायला सांगितलं होतं. पहिल्या वेळेला मी घोडा न ओढताच चाप दाबत बसलो.

रेंजवर .४५ कोल्ट. दोन गोळ्या झाडल्या की तळहाताच्या अंगठ्याकडच्या बेचक्यात झणझणतं. बोटं मुठीवर दोनच मावतात, करंगळी हवेत. सात यार्डांवर दोन्ही गोळ्या कागदावर, पण माझा नेम होता त्याच्या चांगल्या खाली. चाप खाली दाबायचा हे मावशींनी सांगूनही.

.४१० ची मजा वेगळीच. बारीक छर्‍यांचं काडतूस सात यार्डांवरून मारलं तर सगळ्या कागदाला देवी आल्यासारखं दिसत होतं. नळीच्या आट्यांमुळे छर्रे गरगरत फाकतात. म्हणजे "एकीत छर्रे, एकीत गोळी" ही जी झकास कल्पना होती ती पार्किंगसाठी बाद. पांगलेला प्रत्येक छर्रा कुठे जातो त्याला मीच जबाबदार, आणि समोरच्याच्या जाड जाकिटात तो कितीसा शिरणार? ट्रिपल झिरोचे चार मोठे छर्रे असलेलं काडतूस मात्र बरंच एकत्र राहिलं.

आणि रिकामी काडतुसं! पुस्तकात लिहिलंय की उघडलं की ती थोडी वर येतात. येतात, पण .४१० चं प्लास्टिक फुगून नळीला चिकटतं. नखाने कडा पकडून, हलवून हलवून बाहेर काढायचं. याला रिलोड म्हणणं म्हणजे धाडस आहे.

आठवडाभर खिशात ठेवून पाहिल्यावर अजून एक. घोडा आणि फ्रेमच्या मधल्या फटीत खिशातला कापूस, धागे, कसली कसली पूड जाऊन बसते. दर रविवारी टूथब्रशने काढणं आलं.

फोर्टवर्थची_मावशी

छान लिहिलंत. इतकं प्रामाणिकपणे लोक सहसा करून बघत नाहीत, विकत घेतलेल्या वस्तूची बाजू घेत बसतात.

खिशाबद्दल: ज्या खिशात पिस्तूल त्यात दुसरं काहीही नाही. किल्ल्या नाहीत, नाणी नाहीत, बडीशेपेची पुडी नाही. आणि चाप पूर्ण झाकणारं, कडक खिसा-होल्स्टर असल्याशिवाय नाही. काही जण "बारीक दिसतं" म्हणून चापाचं कडं काढून टाकतात, ते निघतं म्हणूनच दिलंय असं सांगतात. तुम्ही काढू नका.

.४५ ठेवायचीच असेल तर ठेवा, पण मी .३८ स्पेशलची नळी मागवली असती. त्याच फ्रेमला हलकी गोळी, वजन तेवढंच, म्हणून धक्का सोसवतो. ज्या गोळीने सराव करावासा वाटत नाही ती गोळी खिशात ठेवून उपयोग काय?

केडगावची_सून

ताई, मी ह्यूस्टनला असते. आमच्या ह्यांनाही असलं काही घ्यायचं डोक्यात आलंय, म्हणून सगळा धागा वाचला. दोन पोरं आहेत, सहा आणि नऊ. हे एवढंसं, खेळण्यासारखं दिसतं म्हणूनच मला जास्त भीती वाटते. घरी आल्यावर खिशातलं काढून कुठे ठेवायचं?

फोर्टवर्थची_मावशी

अगदी योग्य भीती आहे. आकार लहान मुलाच्या हाताचा आहे, आणि घोडा कडक आहे म्हणून पोरांना जमणार नाही या भरवशावर राहू नका. नऊ वर्षांचं पोर दोन्ही अंगठे लावून ओढतं.

दाराजवळच, भिंतीला किंवा कपाटाला बोल्टने बसवलेली, बटणं दाबून उघडायची छोटी तिजोरी. घरात आल्यावर चपला काढायच्या आधी हे आत. टेबलावर नाही, फ्रीजवर नाही, पँट खुंटीला टांगून त्यात तर मुळीच नाही. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवा. ह्यांना सांगा, आधी तिजोरी, मग पिस्तूल. तिजोरीला नाही म्हणाले तर पिस्तुलालाही नाही.

केडगावची_सून

सांगते. छापूनच दाखवते त्यांना.

मुंबई_ह्यूस्टन

अजून एक जे कोणी बोललं नाही. डेरिंजरची काडतुसं सुटी असतात, मॅगझिन नाही. खिशात, बॅगेच्या कप्प्यात, ग्लोव्ह बॉक्समध्ये एखादं घरंगळतं. रेंजवर नेता ती बॅग भारतात जाताना वापरू नका. मुंबई किंवा दिल्लीला स्कॅनरमध्ये एक .४५ चं काडतूस जरी दिसलं तरी आर्म्स ॲक्टखाली थेट पोलीस स्टेशन. "जाणीवपूर्वक ताबा नव्हता" म्हणून कोर्टातून सुटलेले बरेच आहेत, पण तोवर तारखा पडतात, पासपोर्ट अडकतो, आणि ज्या लग्नासाठी गेलात त्याची बारशापर्यंत मजल गेलेली असते. रेंजची बॅग वेगळी, भडक रंगाची ठेवा.

इतिहासाचा_किडा

रच्याकने, बॅकअपच्या कल्पनेचंही एक मूळ सांगतो. न्यूयॉर्क पोलिसांच्या स्टेकआउट पथकात जिम सिरिलो म्हणून होते. दुकानांच्या मागे दबा धरून दरोडेखोरांची वाट बघणं हेच काम. तेव्हा सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हरं. भरत बसण्यापेक्षा दुसरं काढणं जलद, म्हणून अंगावर एकाहून जास्त बाळगायचे. त्यालाच पुढे लोक "न्यूयॉर्क रिलोड" म्हणायला लागले. आता पी३६५ मध्ये १० अधिक १ असताना रिलोडचा प्रश्न तसा उरत नाही, हात पोचण्याचाच उरतो. तो धागाकर्त्यांनी बरोबर पकडलाय.

सुभेदार_साताऱ्याचे

मग गाडीतली अडचण गाडीतच सोडवा की. हत्यार बदलण्यापेक्षा बसायच्या आधी बेल्टचा पट्टा कमरेच्या हत्याराच्या मागून घ्यायचा. शर्ट वर. आमचे ड्रायव्हर जीपमध्ये तेच करायचे.

हिलकंट्रीकर

काका, तेही करून पाहिलं. पट्टा मागून घेतला की हात पोचतो खरा, पण गाडी थांबवताना दर वेळी पट्टा तिथेच राहील याची खात्री नाही. तरी सरावाने जमेलसं वाटतं.

आणि मावशी, सगळं मान्य करूनही एका बाबतीत मी तुमच्याशी असहमत आहे. हे अडकत नाही. पहिल्या पिस्तुलाला स्लाइड आहे, तिला जाकिटाची बाही घासली, कुणाचा हात लागला की ती बिघडू शकते. अगदी चिकटून झटापट झाली तर नळी समोरच्याला टेकवली तरी हे झाडेल. स्लाइडवालं मागे ढकललं गेलं की बंद.

फोर्टवर्थची_मावशी

बरोबर, पण तो फायदा ६४२ लाही आहे. रिव्हॉल्व्हरलाही स्लाइड नसते. वर घोडा झाकलेला, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकत नाही, आणि वेळ आली तर जाकिटाच्या खिशातूनच झाडता येतं. खिसा जळेल, जळू दे. तुमचं डेरिंजर जाकिटाच्या खिशात घोडा ओढेल?

डेरिंजरच हवं असा हट्ट असेल तर जुनं हाय स्टँडर्ड शोधा, १९६० च्या दशकातलं. दोन नळ्यांचंच, .२२ मॅग्नमचं, पण घोडा आत आणि नुसता लांब, जड चाप. बॅकअप म्हणून ती कल्पना तुमच्या स्नेक स्लेअरपेक्षा जास्त सरळ होती. गोळी मात्र बारकी.

हिलकंट्रीकर

खिशातल्या घोड्याचा मुद्दा निरुत्तर करणारा आहे. ६४२ भाड्याने घेऊन पुढच्या वेळी डाव्या हाताने झाडून बघतो. तोवर डाव्या खिशात काही नाही, काकांची बेल्टची युक्ती.

डेरिंजर विकणार नाही मात्र. .३८ ची नळी मागवली आहे. शेजारच्या म्हाताऱ्या टेक्सन काकांना दाखवलं तर ते आत जाऊन त्यांच्या आजोबांचं रेमिंग्टन घेऊन आले, निकेल उडालेलं, बिजागरीला चीर गेलेली. त्या चिरेवरून बराच वेळ बोलत बसले. वरच्या बिजागरीची ती जागा त्या मॉडेलमध्ये नाजूकच असते म्हणे, त्यामुळे झाडायचं नाही, नुसतं पुसून ठेवायचं.

इतिहासाचा_किडा

फोटो!! बिजागरीचा जवळून, आणि नळीच्या वरच्या पट्टीवर काय कोरलंय ते वाचता येईल असा. त्या मजकुरावरून साधारण कोणत्या काळातलं ते सांगता येतं. वेगळा धागा काढा त्यावर, इथे मावशी आणि काकांची झटापट चालू राहू दे.

घोणस_फुरसं

आणि तो रॅटलर? लाकडाचा ढीग हलवला का?